देव अकरावा कसा?

सांगलीत आत्याच्या घरी सकाळ व्हायची ती लसणाच्या वासानं. दूधवाल्याची सायकल, नळाला पाणी आल्याचा गलका, शेजारच्या घरातला रेडिओ, हे सगळं नंतर. आत्याचं भडंगाचं घरगुती काम होतं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, अंगात बंडी आणि डोक्याला टॉवेल अशा थाटात मोठी कढई शेगडीवर चढवायचे. तेल तापलं की त्यात ठेचलेला लसूण पडायचा, मग शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट, आणि शेवटी पोतंभर चुरमुरे. ते उलथताना खर्र खर्र असा जो आवाज व्हायचा तो माझ्या कानात इतका बसलाय, की आजही साताऱ्यातल्या माझ्या ऑफिसात कुणी चहाबरोबर भडंगाची पुडी फोडली, की मला नेटवर्किंगचं पुस्तक उघडून बसावंसं वाटतं. मुलगी हसते. म्हणते, "आई, तुझे केस अजून काळे आहेत, आतापासून आठवणी कसल्या लिहितेस?" तिला काय सांगू? पांढरे झाल्यावर यातलं किती आठवेल याची खात्री नाही.

आमचं गाव आटपाडीच्याही पलीकडे, जिथं सांगली जिल्हा संपतो आणि साताऱ्याचा माण तालुका लागतो. माळ, कुसळं आणि मेंढरं. वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या कळपामागं मी चालायला लागले ते शाळेत जायच्या आधीपासून. पुढं काका हाळ्या देत चालायचे आणि सगळ्यांच्या मागं आप्पा. मागं राहण्याचं काम घरच्या कर्त्याचं, कारण लंगडं कोकरू, काट्यात अडकलेली शेळी, व्यायला झालेली मेंढी हे सगळं मागंच राहतं. आमच्या घरात पहिला मोबाइल आला तो आप्पांच्या गळ्यात, शिट्टीच्या दोरीला बांधून. एकदा आम्ही घरापासून लांब, दगड सोडून काही नसलेल्या माळावर उतरलो होतो आणि आईचा फोन आला. बोलून झाल्यावर आप्पांनी फोन उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "सुमे, एवढ्या माळावर ह्यो मला हुडकून काढतो कसा गं?" मला उत्तर आलं नाही. मी बारावीला होते, शास्त्र शाखेची होते, आणि तरी आलं नाही, याचा मला फार राग आला. सांगलीला जाऊन नेटवर्किंगचा कोर्स करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते तिथून.

क्लास गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. शिकवायला लिमये सर. साताऱ्याचे, बोलणं शुद्ध, शर्ट कडक इस्त्रीचा आणि खिशात पेनाऐवजी वायर कापायची पक्कड. कोर्सच्या शेवटी कंप्युटरवर परीक्षा असायची आणि ती पास झाली की सर्टिफिकेट. आम्हाला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी कंप्युटरला हात लावायला मिळेल. सरांनी प्रत्येकाच्या हातात वायरीचा तुकडा दिला. त्या वायरीत आठ बारीक तारा असतात, त्या ठरलेल्या रंगांच्या क्रमानं टोकाच्या प्लास्टिकच्या पिनेत बसवायच्या आणि पक्कडीनं दाबायच्या. "टक् असा आवाज आला पाहिजे," सर म्हणायचे. "तो आवाज ज्याला ऐकू येत नाही, त्यानं पुढचा धडा शिकू नये." रंगांचा तो क्रम आम्ही कोरसमध्ये म्हणायचो: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. घरी येऊन मी पाठ करायची आणि आत्या चुरमुरे हलवता हलवता ऐकायची. आठवडाभरात ती तो क्रम आरतीच्या चालीवर गुणगुणायला लागली. मामा म्हणाले, "आगं, कुठल्या देवाची ही?" आत्या म्हणाली, "सुमीच्या. तुमी टाळ धरा गपगुमान."

अभ्यास मला जमायचा आणि नाहीही. एका यंत्रातून निघालेला मजकूर दुसऱ्या यंत्राला पोचेपर्यंत त्याच्यावर थरावर थर कसे चढतात हे पुस्तकात वाचून डोकं उठलं होतं. मग एक दिवस मामांबरोबर एसटी स्टँडवर गेले. साताऱ्याच्या दुकानदाराला माल जायचा होता. भडंग पुडीत, पुड्या खोक्यात, खोकी पोत्यात आणि पोत्यावर गावाचं नाव. हमालानं पोत्यावरचं नाव तेवढं वाचलं आणि पोतं गाडीच्या टपावर फेकलं, आत भडंग आहे की भुसा याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मी तिथंच उभी राहून मोठ्यानं "हां!" म्हणाले. हमाल दचकला. तो धडा मला परत वाचावा लागला नाही.

पण नंबरांचं गणित मला छळायचं. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, तो दुसऱ्या कुणाला देता येत नाही. त्या नंबरांचा एक ठरलेला पट्टा असतो, आणि पट्ट्याबाहेर जायचं झालं तर एकाच यंत्रातून जावं लागतं, ते म्हणजे राउटर. राउटर म्हणजे गावाची वेस समजा. आत येणारा नि बाहेर जाणारा तिथूनच. हे एवढं मला चांगलं कळलं होतं. क्लासमधल्या राउटरचा नंबर शेवटी एक असलेला होता, लायब्ररीतलाही तसाच, सरांच्या घरचाही तसाच. म्हणून मी मनाशी पक्कं धरलं होतं की राउटर म्हणजे एक नंबर. परीक्षेत एक आकृती आली, तिच्यात राउटरला पट्ट्यातला शेवटचा वापरता येणारा नंबर दिलेला होता. मी मोठ्या आत्मविश्वासानं 'चूक' म्हणून टिचकी मारली आणि तिथून घसरले ती घसरलेच. घाबरल्यावर पुढचे सोपे प्रश्नही मला अवघड दिसायला लागले. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर नापास असल्याचं आलं. इतक्या गोड रंगाच्या अक्षरांत मी कधी नापास झाले नव्हते.

सरांना सांगितलं तर ते चिडले नाहीत, चकित झाले. "अगं, राउटरला एक नंबरच द्यायचा असा नियम कुणी सांगितला तुला? तो रिवाज आहे. लोकांनी पाडला, लोक पाळतात." मला तेव्हा नियम काय आणि रिवाज काय, सगळंच कडू लागत होतं. आत्यानं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं, गूळ घालून, वाफाळतं, आणि वाटी हातात देऊन शेजारी बसून राहिली. मी रडत रडत तीन वाट्या प्याले.

बिरोबाची जत्रा जवळ आली होती, म्हणून मी गावी गेले. येताना पुस्तकं आत्याकडेच ठेवली होती. विट्याला चुलतभावाचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथं बसायचं मी मनात ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण परत परीक्षेला बसायचं माझं धाडस संपलं होतं. मी पोचले त्याच दिवशी देवळापुढं पंचांची बैठक होती. या वर्षी गाभाऱ्यात आणि मंडपात कॅमेरे लावायचे, म्हणजे मिलिटरीतल्या पोरांना तिकडून पालखी बघता येईल, असं ठरलं होतं. आमचा महादू, माझा थोरला भाऊ, त्यातलाच. पालखीवर छत्री धरायचा मान आमच्या घराचा, आणि भरती झाल्यापासून महादूला तो एकदाही मिळाला नव्हता. शहरातून माणूस बोलवावा का, यावर घोळ चालला होता. आप्पा बैठकीत कधी बोलत नसत. त्या दिवशी खांबाला टेकून बसल्या बसल्या म्हणाले, "आमची सुमी करंल." सगळे माझ्याकडे वळले. मी नापास झाल्याचं आप्पांना माहीत होतं. तरी ते बोलले होते, आणि आता माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं काय व्हायचं ते या जत्रेवर येऊन ठेपलं. जमलं तर सांगली, नाही जमलं तर विटा, अशी मी मनाशी अट घालून घेतली.

दोन दिवस मी देवळात राबले. वायरी ओढल्या, पिना दाबल्या, प्रत्येकीचा टक् ऐकला. राउटरला एक, गाभाऱ्यातल्या कॅमेऱ्याला अकरा, मंडपातल्याला बारा, पावत्यांच्या कंप्युटरला वीस. सगळं लख्ख चाललं. आईनं तिथंच भाकरी आणि वांग्याचं भरीत आणून दिलं आणि पडद्यावर स्वतःला बघून केस सारखे केले. मुख्य पंच नाना, पांढऱ्या मिशांचे आणि मोठ्या आवाजाचे, येऊन उभे राहिले. "देवाचा नंबर किती घातलास?" त्यांनी विचारलं. मी खुशीत सांगितलं, "अकरा, नाना." नानांनी एकदा माझ्याकडे, एकदा गाभाऱ्याकडे बघितलं. फेटा सारखा केला आणि गेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पालखीच्या दिवशी सकाळी ढोल घुमायला लागले आणि गाभाऱ्याचं चित्र यायला आणि जायला लागलं. आलं की झकास दिसे, आणि मधेच गायब. इंटरनेटचंही तेच. महादूचा फोन आला, "सुमे, काय दिसंना झालंय. कवा दिसतंय, कवा न्हाई." सरांना फोन लावला तर ते साताऱ्याला कुणाच्या लग्नात, मागं सनई, पंगतीचा गोंधळ. मी ओरडून सगळं सांगितलं, त्यांनी ओरडून एवढंच सांगितलं, "खालून वर ये! आधी वायर!" आणि फोन कटला.

मग मी खालून वर आले. आधी वायरी: सगळ्या ठीक. मग दिवे: सगळे लुकलुकत होते. मग नंबर. कुठल्या नंबराला कुठल्या यंत्रानं ओ दिली हे कंप्युटरला विचारता येतं, आणि प्रत्येक यंत्राच्या पाठीवर त्याची कारखान्यातली कायमची खूण छापलेली असते. मी एक नंबराला हाक मारली. ओ आली, खूण राउटरची. थोड्या वेळानं पुन्हा मारली. ओ आली, पण खूण वेगळी! एकाच नंबराला दोघं ओ देत होते. दुसरी खूण कुणाची ते बघायला मी गाभाऱ्यात गेले, कॅमेऱ्याची पाठ वाचली, तिथं तीच खूण होती, आणि बाहेर येऊन मंडपवाल्या बापूपुढं उभी राहिले. गावातल्या लाइटचं, माइकचं सगळं त्याच्याकडे असायचं आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड मी त्यालाच देऊन ठेवला होता.

"बापू, तू देवाचा नंबर बदललास?"

बापूनं मान खाली घातली. "नानांनी सांगितलं, गं."

नाना मागंच उभे होते. "मीच सांगितलं," ते म्हणाले. "आगं, पयला निवद देवाला, पयला ढोल देवाचा, पयला भंडारा देवाचा. आन् नंबर अकरावा? देव अकरावा कसा? काय रेशनच्या दुकानात रांगंला हुबा केलास का त्येला?"

"आवं नाना, एक नंबर त्या डब्याला दिलाय. रस्ता त्येच्याकडनं जातो. आता दोघं एकाच नंबरावर बसल्यात, म्हणून समदं आडलंय."

"मंजी डबडं देवापरास मोठं?"

जमलेली माणसं माझ्याकडे बघत होती. देवाला परत अकरा करावं तर नाना पालखी उचलू देणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही ते आता बरं वाटेना. आमच्या गावात कुणाचा मान कितवा यावर भाऊभाऊ बोलायचे बंद झाले आहेत. आप्पा छत्री घेऊन बाजूला उभे होते. ते मधे पडले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले, कळपाच्या मागून बघतात तसे.

आणि तेव्हा मला सर आठवले. नियम नव्हे, रिवाज. नेटवर्कवाल्यांचा एक रिवाज, आमच्या गावाचा दुसरा, आणि दोघांनाही पहिलाच नंबर हवा. ज्या प्रश्नात मी तोंडावर आपटले होते त्याचं उत्तर माझ्यापुढं फेटा बांधून उभं होतं. मला इतकं हसू आलं की नाना बिचकले.

"नाना," मी म्हणाले, "एक नंबर देवाचाच. आमी डबडं हलवतो."

मी गाभाऱ्यातली वायर काढली, म्हणजे एक नंबराला एकटा राउटर ओ देईल, आणि राउटरचं पान उघडून त्याला पट्ट्यातला शेवटचा वापरता येणारा नंबर दिला, दोनशे चोपन्न. मग प्रत्येक यंत्राला सांगितलं की बाहेर जायचं दार आता इकडं आहे. बापू धावून धावून वायरी खेचत होता, चुकीची भरपाई करत होता. सगळं झाल्यावर गाभाऱ्याची वायर परत लावली. टक्.

आप्पा जवळ आले. "सगळ्यांला भाईर काढणारा त्यो, आन् नंबर सगळ्यांच्या मागं दिलास?"

"व्हय, आप्पा."

"मंग बराबर हाय. त्यो मेंढक्याचा नंबर हाय," आप्पा म्हणाले आणि छत्री खांद्याला लावून निघाले.

चित्र आलं आणि राहिलं. नाना पडद्यासमोर उभे राहून दोन्ही हात जोडून बघत होते, जणू देव तिथंच जास्त जवळ होता. पालखी उठली, ढोल चढले, धनगरी गजी नाचणाऱ्यांचे रुमाल वर गेले आणि आप्पांनी छत्री उघडली. महादूला फोन लावला. "दिसतंय का रं?" "दिसतंय की! आप्पा दिसत्यात, त्येंचा नवा पटका दिसतोय, ल्येकाचं मन भरलं बघ—" एवढ्यात कुणीतरी पहिला भंडारा उधळला आणि मूठभर हळद थेट मंडपातल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बसली. पडदा पिवळाधमक. मी फडकं घेऊन स्टुलावर चढणार तोच महादू फोनवर म्हणाला, "सुमे, पुसू नगंस. ऱ्हाऊ दे." दोघंही त्या पिवळ्या पडद्याकडे बघत ढोल ऐकत राहिलो. माझा भाऊ रडत होता हे मला कळत होतं, आणि मीही रडत होते, आणि मला आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल.

जत्रा उरकल्यावर पहिल्या एसटीनं सांगलीला गेले. आत्यानं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि मागं वळून मामांना म्हणाली, "कढई खाली घ्या, पोरीचं पुस्तक हुडकाय लागंल." ते चुरमुऱ्यांच्या पोत्याखाली सापडलं, लसणाचा वास लागलेलं. परीक्षेला दुसऱ्यांदा बसले आणि पास झाले. सरांनी पेढा मागितला, आत्यानं त्यांना भडंगाची मोठी पिशवी धाडली आणि वरून निरोप दिला की रंगांची आरती तिला अजून पाठ आहे.

त्यानंतर मी किती ऑफिसं जोडली, किती वायरी ओढल्या. गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवीन लागलेला एक मुलगा माझ्याजवळ आला. हुशार आहे, सगळं तपासून बघतो. म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसवलेल्या प्रत्येक नेटवर्कमध्ये राउटर दोनशे चोपन्नला असतो. आणि एक नंबर कुणालाच दिलेला नसतो. तो रिकामा का ठेवता?"

मी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला, खणातून भडंगाची पुडी काढली. नानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आप्पांचं चालणं थांबलं आहे, ते अंगणात बसून दुसऱ्यांचे कळप मोजतात.

"रिकामा न्हाई रं," मी म्हणाले. "दिलाय तो."